शाळा बंद होती तेव्हा शिकवले कोणी? एका पोस्टला उत्तर आणि त्यावरील चर्चा

प्राथमिक शिक्षिका, श्रीवर्धन तालुका

काल एका गृहस्थांनी येथे लिहिले की, टाळेबंदीच्या काळात प्राथमिक शिक्षकांनी पूर्ण पगार घेऊन व्हॉट्सॲपवर फक्त लिंका टाकल्या आणि मुलांना शिकवले ते आईवडिलांनी. त्याखाली सहमतीचे इतके प्रतिसाद पाहिले की गप्प बसवेना. मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि एप्रिलपासून ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला रोज आमच्या फोनवर येऊ लागली. तीत ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे दुवे असत आणि ते आम्ही पालकांच्या गटावर पुढे पाठवत असू, हे खरे आहे. पण ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळले. घरांचे पत्रे आणि कौले गेली, सुपारीच्या बागा झोपल्या आणि आमच्या गावात कित्येक आठवडे वीज नव्हती. ज्या दिवसांत लोक फोन चार्ज करण्यासाठी जनरेटर असलेल्या दुकानासमोर उभे राहत होते, त्या दिवसांत मी कोणती लिंक उघडून शिकवायला हवे होते, हे त्या गृहस्थांनी सांगावे.

वीज आल्यावर मी घरोघरी जाऊन वहीत नोंद केली. पटावर तेवीस मुले होती आणि ती एकोणीस घरांतली. स्मार्टफोन नऊ घरांत होते, पण त्यांतले सहा दिवसभर बापाबरोबर होडीवर किंवा बागेत जात. ‘असर’ या देशव्यापी शैक्षणिक पाहणीच्या २०२० च्या ग्रामीण सर्वेक्षणात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मधल्या ३६.५ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेलेले दिसते. ते आकडे मला खोटे वाटत नाहीत, मात्र घरात फोन असणे आणि सकाळी अकरा वाजता तो पहिलीतल्या मुलीच्या हातात असणे यांत फार अंतर आहे. म्हणून प्रत्येक घरी माझा पहिला प्रश्न एकच असे, फोन किती वाजता मोकळा असतो? बहुतेकांनी रात्रीची जेवणे उरकल्यावरची वेळ सांगितली, तेव्हा मी वर्ग साडेआठला ठेवला.

पहिला आठवडा मी मुलांना काहीही शिकवले नाही, आयांना शिकवले. आवाजी संदेश कसा ऐकायचा, पुन्हा कसा लावायचा आणि मुलाचे वाचन ध्वनिमुद्रित करून मला कसे पाठवायचे, एवढेच. ज्या आईला अक्षरओळख नाही तिला लिखित सूचना पाठवणे म्हणजे तिला मुलांदेखत खाली मान घालायला लावणे आहे, म्हणून रोजचे काम मी दोन मिनिटांच्या आवाजात सांगत असे. परातीत पीठ पसरून त्यात बोटाने ‘म’ काढायला सांगा, चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करायला लावा, असे. ज्या दहा घरांत स्मार्टफोन नव्हता तिथे मी आठवड्यातून दोनदा चालत गेले आणि ओट्यावर खडूने लिहून आले. शालेय पोषण आहाराचा कोरडा तांदूळ आणि डाळ वाटण्याचा दिवस हीच माझी पालकसभा होती. याच महिन्यांत करोनाच्या तपासणी नाक्यावरचे काम होते आणि सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या करोना मोहिमेचे घरोघरचे सर्वेक्षणही होते.

सहा वर्षांचे मूल पडद्यासमोर एकटे शिकत नाही. त्याच्या शेजारी जो बसतो त्याला शिकवणे हे त्या काळात माझे काम होते आणि ते मी केले.

दोन मुलींची आई, डोंबिवली

बाई, आपल्या चालण्याबद्दल मला आदर आहे. पण आपण ज्याला शेजारी बसणाऱ्याला शिकवणे म्हणता, त्याचा अनुभव आमच्या बाजूने शाळेचे काम आईच्या अंगावर येणे असाच होता. ‘पालक’ हा शब्द आपण वापरता, पण आपल्या लेखातही परात आईच्याच हातात आहे आणि बाप होडीवर आहे.

मी रुग्णालयात परिचारिका आहे. त्या काळात बारा तासांची पाळी करून घरी आल्यावर अंघोळ होईपर्यंत मी मुलींना जवळ घेत नसे आणि तेवढ्या वेळात थोरलीच्या शाळेच्या गटावर सात संदेश आलेले असत. कागदी माशाचा फोटो आठच्या आत पाठवा, कवितेची चित्रफीत गणवेशात काढा, ज्यांनी पाठवलेले नाही त्यांची नावे खालीलप्रमाणे. ती यादी सर्व पालकांसमोर लागत असे. ऑनलाइन शिक्षणासाठीच्या केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी जुलै २०२० मध्ये पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रे असावीत, असे म्हटले होते. आमच्याकडे सलग तीन तास चालत. मुलगी दुसरीत होती. कॅमेरा छताकडे वळवून ती उशीवर डोके ठेवून झोपी जाई. शुल्क मात्र पूर्ण घेतले गेले. त्यामुळे त्या गृहस्थांची भाषा कडवट असली तरी ‘शिकवले ते आईवडिलांनी’ हे वाक्य मी खोडू शकत नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख

आपण दोघीही कोणी शिकवले यावर भांडत आहात. काय शिकवले गेले याकडे कोणाचेच लक्ष नाही. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये एकवीस, बावीसच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले आणि त्यावर मोठा वाद झाला. पुढच्याच वर्षी शाळा बंद झाल्या आणि ते पुस्तक शिक्षकाच्या मध्यस्थीशिवाय थेट घरात पोहोचले. आजोबा ‘त्रेसष्ट’ म्हणत, पुस्तक ‘साठ तीन’ म्हणे आणि मूल दोघांच्या तोंडाकडे पाहत राही. माझ्या नातवाने मला सांगितले, ‘आजोबा, तुमचे चुकीचे आहे.’ चौतीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाने हे ऐकून घ्यायचे! घराघरांतला गोंधळ या एका निर्णयाने दुप्पट केला, असे माझे ठाम मत आहे.

एक वडील, सोलापूर

सर, गोंधळ त्या पद्धतीने केला नाही. ती बंद घरात एकटी सोडली गेली म्हणून तो झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील बालभारतीच्या गणित समितीने जुनी नावे काढून टाकली नव्हती, जोडीला नवी दिली होती. आमचे घर विणकरांचे आहे आणि माझी आई तेलुगू बोलते. तेलुगूत त्रेसष्टला ‘अरवै मूडु’ म्हणतात, म्हणजे साठ तीन. टाळेबंदीत यंत्रमाग बंद होते, मी घरी होतो आणि मुलाला मीच शिकवत होतो. ‘त्रेसष्ट’ ऐकून तो ३६ लिहीत असे, कारण त्याच्या कानावर आधी ‘त्रे’ पडत होते. आजीने एक दिवस तिच्या भाषेत संख्या म्हणायला लावल्या आणि आठवडाभरात उलटापालट थांबली.

निवृत्त केंद्रप्रमुख

आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार. पण तेलुगूची सोय मराठी शाळेवर का लादायची? ‘त्रेसष्ट’, ‘पंचाहत्तर’, ‘एकोणनव्वद’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाढ्यांतून आलेले आहेत. मुलांना जड जाते म्हणून भाषा बदलत गेलो तर उद्या जोडाक्षरेही काढावी लागतील, आणि तशी मागणीही तुम्हीच कराल.

एक वडील, सोलापूर

‘तुम्हीच’ म्हणजे कोण, सर? माझा मुलगा मराठी माध्यमात शिकतो, मी मराठी माध्यमात शिकलो आणि हा प्रतिसाद मराठीतच लिहीत आहे. घरात आजी तेलुगू बोलते म्हणून मराठीवरचा आमचा हक्क कमी होत नाही. हे वाक्य आपण मागे घ्यावे.

निवृत्त केंद्रप्रमुख

‘तुम्ही’ हा शब्द मी मागे घेतो. तो मी लिहायला नको होता. पद्धतीबद्दलचे मत मागे घेत नाही. तरीही एवढे मान्य करणे भाग आहे की, शाळातपासणीत ‘एकोणसाठ’ सांगितल्यावर अर्धा वर्ग ६९ लिहितो, हे मी नोकरीभर पाहिले आणि एकाही अहवालात त्याचे कारण लिहिले नाही.

प्राथमिक शिक्षिका, श्रीवर्धन तालुका

संख्यांचा हा वाद माझ्या पालकगटावरही झाला होता. एका वडिलांनी रात्री दहा वाजता पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवून विचारले होते की, बाई, आम्ही अडाणी की पुस्तक? मी त्यांना चिंचोक्यांचे सहा ढीग आणि तीन सुटे मांडायला सांगितले आणि ढिगांकडे पाहून ‘साठ तीन’, मग सगळे एकत्र करून ‘त्रेसष्ट’ म्हणा, असे सुचवले. दोन्ही नावे टिकली. शाळेत हे एका मिनिटाचे काम आहे. फोनवरून मला त्यासाठी तीन संध्याकाळ लागल्या.

आता डोंबिवलीच्या ताईंना. राज्याच्या जुलै २०२० च्या आदेशात पहिली-दुसरीच्या रोजच्या वेळेत पालकांशी संवाद हाही धरलेला होता. संवाद म्हणजे ऐकणेही, असे मी समजले. उशीर करणाऱ्यांची यादी सर्वांसमोर लावणे ही शिक्षकी नव्हे, आणि एक शिक्षिका म्हणून त्याची मला लाज वाटते. परात आईच्याच हातात होती, हा आपला आक्षेप मला लागला. खरे सांगायचे तर मी बापांना फारसे विचारलेच नाही. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शालेय मुलांसाठीची शैक्षणिक मालिका सुरू झाली, तेव्हा टीव्ही असलेल्या घरांत आजोबांना मुलांसोबत बसवता येईल हेही मला फार उशिरा, दिवाळीनंतर सुचले.

पण ‘शिकवले ते आईवडिलांनी’ हे वाक्य मी तरीही मान्य करणार नाही. जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेली माझी मुले १ डिसेंबर २०२१ ला पहिल्यांदा रीतसर वर्गात बसली, तीही दुसरीत, आणि जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या. डिसेंबरच्या त्या पहिल्या दिवशी अकरापैकी सात मुलांना स्वतःचे नाव लिहिता येत होते. त्यांतल्या तिघांच्या घरी कोणालाही लिहिता येत नाही. उरलेल्या चौघांना का आले नाही, याचे उत्तर मला द्यायचे आहे, आणि ते मी कोणाही आईवर ढकलणार नाही.

दोन मुलींची आई, डोंबिवली

ज्या घरात कोणाला लिहिता येत नाही तिथे मूल लिहू लागले असेल तर ते तुम्हीच शिकवले, एवढे मान्य करते. सरसकट लिहिणे चुकले. मात्र माझ्या घराबद्दल मी लिहिलेले तसेच ठेवते.

आपला लेख मी पुन्हा वाचला आणि फोन किती वाजता मोकळा असतो या प्रश्नापाशी अडले. माझ्या थोरलीच्या गटावर त्या दीड वर्षात हजारो संदेश आले. मी रात्रपाळीला असते की दिवसपाळीला, घरात फोन किती आहेत आणि मुलीजवळ कोण बसते, हे त्यांपैकी एकाही संदेशात कोणी विचारलेले नव्हते.