सुटकेनंतर राजकीय बंदी पुन्हा चळवळीत कसे येतात?

प्रश्न

राजकीय मतांमुळे वर्षानुवर्षे तुरुंगात राहिलेल्या माणसांपैकी काही जण सुटल्यावर थोड्याच दिवसांत सभा-मोर्चांत दिसू लागतात, तर काही सार्वजनिक जीवनातून कायमचे बाजूला होतात. हा फरक ज्याच्या त्याच्या निर्धाराचा असतो, की आणखी कशाचा? जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

निर्धार लागतोच, पण तुरुंगात माणूस कोणाच्या संगतीत राहिला यावर फार काही ठरते, असे माझे ठाम मत आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीच्या काळात रॉबेन बेटावरील तुरुंगात जुन्या कैद्यांनी अभ्यासवर्ग चालवले आणि १९७६ च्या सोवेटोतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या उठावानंतर आलेल्या तरुणांशी दीर्घ वादविवाद केले. त्यामुळे तिथून सुटणाऱ्याच्या पाठीशी पारखलेले सहकारी असत. मोसिउआ लेकोटा कृष्णवर्णीय अस्मितेच्या चळवळीतून बेटावर गेले, तिथेच आफ्रिकन नॅशनल काँग्रेसकडे वळले, १९८२ मध्ये सुटले आणि १९८३ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट या वर्णभेदविरोधी आघाडीचे प्रसिद्धी सचिव झाले.

प्रतिसाद २

हे पटते, परंतु सुटकेच्या अटी विसरून चालणार नाही. त्याच बेटावर ठेवलेले, पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस या पक्षाचे नेते रॉबर्ट सोबुक्वे १९६९ मध्ये सुटले, तरी सरकारने त्यांना परवानगीशिवाय किंबर्ली शहराबाहेर जाऊ दिले नाही, आणि १९७८ मध्ये मृत्यू येईपर्यंत निर्बंध उठले नाहीत. म्यानमारमध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४०१ खाली अनेकांची शिक्षा केवळ स्थगित केली गेली, म्हणजे अट मोडल्याचा ठपका आला तर उरलेली वर्षे पुन्हा भोगावी लागत. मंडेला यांनी १९८५ मध्ये सशर्त सुटका नाकारली, हे थोरच. पण अट स्वीकारून घरी आलेल्या माणसाला, विशेषतः त्याच्यामागे कुटुंब ताटकळत असताना, भित्रा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद ३

चळवळ म्हणजे केवळ मोर्चे आणि निवडणुका नव्हेत, एवढे जोडतो. म्यानमारच्या माजी राजकीय बंद्यांनी २००० मध्ये थायलंडच्या सीमेवरील माए सोत येथे कैद्यांना साहाय्य करणारी संघटना उभी केली, आणि फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी बंडानंतर अटक झालेल्यांची व मारल्या गेलेल्यांची नोंद ती सातत्याने प्रसिद्ध करत आली आहे. कैद्याला घरापासून शेकडो किलोमीटर दूरच्या तुरुंगात हलवले की भेट, औषधे आणि बाहेरचे अन्न एकदमच तुटते, हे स्वतः सोसलेल्यांनाच नेमके ठाऊक असते. म्हणून कैद्यांच्या कुटुंबांना मदत पोहोचवणे हे त्यांनी आपल्या कामाचे मुख्य अंग मानले.