मदत हवी आहे: महाधनेश (ग्रेट हॉर्नबिल) पक्ष्याच्या ढोलीसमोर आडोसा कधी बांधावा?

तिळारीच्या जंगलात स्वयंसेवकांना घरटं-निरीक्षणाला बसवायचंय. परवानगीचं वनखात्याशी बोलणं चालू आहे. मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसली की तिचं नि पिल्लाचं खाणं सगळं नरावर. माणूस दिसला तर तो गळ्यातली फळं न भरवताच परततो, म्हणून ५० मीटर लांब बसणं बरं. पण दाट सदाहरित रानात २० मीटरपलीकडे ढोलीच दिसत नाही, आणि फांद्या छाटणं अजिबात नको. मग हिरव्या जाळीचा आडोसा मादी बंद होण्याआधीच, जानेवारीत उभारावा का? की समोरच्या उतारावरून ६० पट स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावरची एकनळी दुर्बीण) पुरेल? आणि ढोलीखालच्या बिया मोजायला आठवड्यातून एकदा, नर भरवून गेल्या गेल्या जाणं चालेल का? रोजचा वावर जास्तच वाटतो.