अनुभव धागा: पहिली मॅरेथॉन संपल्यावर येणारं रितेपण

फुटाळ्यावरचा:
आज पहाटे नागपुरात फुटाळा तलावाच्या काठावर फिनिशर टी-शर्टमधला एक मुलगा नुसताच बसला होता. बूट पायात, नजर पाण्याकडे. ओळखीचं वाटलं ते बसणं. ४२.१९५ किमी संपल्यावर चार-पाच दिवसांनी मन का बसतं, हे आधी कोणी सांगत नाही, म्हणून धागा. १६ ते २० आठवडे दिवस आखलेला असतो. बुधवारी सेमिनरी हिल्सचा चढ, रविवारी २८-३० किमी. शर्यत झाली की सोमवारी तक्ता कोरा. त्यात स्नायूंतलं ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, आटलेलं, झोप मोडलेली. निम्मी उदासी शरीराचीच असते. तीन दिवस धावणं बंद, पोटभर भात, मिळेल तेवढी झोप. चौथ्या दिवसापासून २०-३० मिनिटं चाला. जोराचं धावणं मैलामागे एक दिवस या जुन्या हिशोबाने २६ दिवस नको. आणि पंधरा दिवस तरी पुढच्या शर्यतीची फी भरू नका, त्या भरात भरलेली बहुतेक वाया जाते.

तर्रीवाला:
माझी पहिली जानेवारीत आहे, मुंबईला. रडू रेषेवरच येतं का घरी? रुमाल कुठं ठेवू ते सांगा.

लिंबूपाणी:
कुठंही येतं. फक्त उभ्याने रडू नको, चालत रड. एकदम थांबलं की पोटऱ्यांचा पंप बंद पडतो, रक्त पायात साचतं, बीपी उतरतो आणि माणूस मेडल घेतानाच कोसळतो. १०-१५ मिनिटं चालत राहायचं. गरगरलंच तर आडवं होऊन पाय वर. कोरडा टी-शर्ट बॅगेत सगळ्यात वर ठेव.
अन् मुंबईचा घाम वेगळा. आपल्याकडे हवा कोरडी, घाम उडून जातो. तिथं दमटपणात तो अंगावरच राहतो, अंग थंड होत नाही. नागपूरचा वेग तिथं धरू नको.

धंतोलीची काकू:
परतीचं तिकीट त्याच रात्रीचं असेल तर लोअर बर्थच घ्या. मिडलवर चढाल कसेबसे, सकाळी उतरणार कसे? दुखणं २४ ते ७२ तासांत कळसाला जातं, म्हणजे गाडी नागपूरला लागते तिथून पुढं. जिना पाठमोरं उतरा, कठडा धरून. सरळ उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, म्हणून कळ येते. गाडीत तासा-दीड तासाने डब्यात एक फेरी मारा.

तर्रीवाला:
काकू, लोक हसतील ना.

लिंबूपाणी:
हसू दे ना बे. पाठमोरे उतरणारे अजून दहा दिसतील.

काळंनख:
माझं नाव वाचून कळलंच असेल. बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा नसली की उतारावर नख बुटाला आपटत राहतं. नखं तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. काळं झालं तर घरी सुईने टोचू नका. अंगठ्याचं पूर्ण नख परत यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर पुढून बंद असलेल्याच चपला.

वर्धारोड:
दुखतं म्हणून लगेच आयबुप्रोफेन कोणी घेऊ नका. पाणी कमी झालेलं असताना किडनीवर ताण येतो. लघवी कोकसारखी गडद झाली तर वाट न बघता दवाखाना. उलट टोक पण आहे, नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ, डोकं जड. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्येच, अर्ध्या ग्लासात नाही.

मटणभाऊ:
सावजी त्याच रात्री चालेल का? मुद्द्याचं बोला.

धंतोलीची काकू:
नाही. धावताना पोटाचं रक्त पायांकडे गेलेलं असतं, पोट हळूहळू ताळ्यावर येतं. तासाभरात केळं, दूध किंवा दही-भात. सावजी तिसऱ्या दिवशी, तेही तर्री बेताने.

मटणभाऊ:
तर्री बेताने म्हणजे काय असतं?

फुटाळ्यावरचा:
घरच्यांसाठी एक. "आता पुढे काय?" हे आठवडाभर विचारू नका. रविवारी पहाटे ग्रुपसोबत नुसता चहाला जाऊ द्या, धावणाऱ्याला निम्मी सवय माणसांचीच लागलेली असते. दोन आठवड्यांनंतरही झोप, भूक, रस काहीच परतत नसेल तर थकव्यावर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा.

तर्रीवाला:
काकू, तिकीट काढून बघितलं. साइड अप्पर.

लिंबूपाणी:
गेलास बे.