दम्यात आयएल-१३ मुळे जीन "चालू" होतात म्हणजे नक्की काय होतं?

मनवाची_आई: लेकीला डस्ट माइटच्या (धुळीतल्या बारीक किड्यांच्या) अ‍ॅलर्जीचा दमा आहे, वय ९. परवा फेनो टेस्ट (श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजतात ती) केली, आकडा जास्त आला. डॉक्टर म्हणाले आयएल-१३ या दाह वाढवणाऱ्या निरोप्या रेणूमुळे श्वासनलिकेतले काही जीन चालू होतात म्हणून इन्हेलर रोज द्या. बाहेर एवढी गर्दी की पुढे विचारताच आलं नाही. हा रेणू पेशीच्या बाहेर असतो ना, मग आतल्या डीएनएपर्यंत पोचतो कसा? आणि हे कायमचं झालं का, तिच्या मुलांत पण जाणार? सासूबाई म्हणतात छातीत घरघर नाही तर रोज पफ कशाला.

पेशीवाला: ताई, पहिलं म्हणजे डीएनए बदलत नाही, कुठलं जीन किती वाचलं जातं तेवढंच बदलतं. आयएल-१३ आत जातच नाही. ते पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं, मग आतल्या बाजूची जॅक नावाची एन्झाइम्स स्टॅट६ या प्रथिनाला फॉस्फेट लावतात, दोन स्टॅट६ जोडीने केंद्रकात शिरतात आणि ठरावीक जीन्सपाशी डीएनएवर बसतात, हे सगळं काही मिनिटांत. पुढचे परिणाम मात्र दिवसेंदिवस साठत जातात: एमयूसी५एसी हे चिकट कफाचं जीन जोरात चालतं, कफ बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी वाढतात आणि कफ वर ढकलणाऱ्या केसाळ पेशी कमी होतात. सीसीएल२६ या जीनमुळे इओसिनोफिल, म्हणजे अ‍ॅलर्जीतल्या पांढऱ्या पेशी, तिकडे ओढल्या जातात. आणि एनओएस२ चालू झालं की नायट्रिक ऑक्साइड वायू बनतो, तोच श्वासात मोजला की फेनो. म्हणजे तुमच्या रिपोर्टवरचा तो आकडा बऱ्याच अंशी एका जीनची हालचालच दाखवतोय, घरघर असो वा नसो. सासूबाईंना हेच सांगा.

छातीचा_डॉक्टर: वरचं बरोबर. रोजच्या इन्हेलरमधलं स्टेरॉइड स्वतः पेशीत शिरतं, त्याचा रिसेप्टर केंद्रकात जाऊन दाहाचे बरेच जीन दाबतो. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेतून ब्रशने पेशी काढून बघितल्या, पेरिओस्टिन, सीएलसीए१ आणि सर्पिन बी२ ही तीन जीन्स वर होती, फ्लुटिकासोन हे स्टेरॉइड ओढल्यावर खाली आली. २००९ ला त्यांनीच दाखवलं की सौम्य-मध्यम दम्यात हा पॅटर्न साधारण निम्म्या लोकांतच असतो, म्हणून सगळ्यांना स्टेरॉइड सारखं लागू पडत नाही. पुढच्या पिढीचं म्हणाल तर श्वासनलिकेतला हा बदल बीजपेशीत (अंडपेशी-शुक्रपेशीत) जात नाही. दम्याकडे कल असणं वारशाने येतं, १७ नंबरच्या क्रोमोसोमवरचा ओआरएमडीएल३ चा भाग लहानपणीच्या दम्याशी जोडलाय, पण ती वेगळी गोष्ट.

मनवाची_आई: खूप मदत झाली. म्हणजे औषध थांबवलं की परत सुरू?

छातीचा_डॉक्टर: बऱ्याच मुलांत हो, कारण धूळ, माइट तिथेच आहेत, आयएल-१३ येतच राहतं, स्टेरॉइड नसलं की तीच जीन्स परत वर. शिवाय २०१८ मध्ये नाकातल्या पॉलिपच्या (मऊ गाठीच्या) बेसल म्हणजे तळाच्या मूळ पेशींत दिसलं की आयएल-४ (आयएल-१३ सारखाच रेणू) आणि आयएल-१३ ची "आठवण" शरीराबाहेर वाढवल्यावरही टिकते. फुफ्फुसात हे जसंच्या तसं होतं असं मी म्हणणार नाही. डोस कमी करता येतो, पण काही महिने दमा नीट आटोक्यात राहिल्यावर, तुमच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि हळूहळू. आणि मधल्या काळात उशी-गादीला माइट-प्रूफ कव्हर घाला, चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा.