मदत हवी आहे: हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट केलं, आता क्रिएटिनिन वाढतंय

नमस्कार मंडळी. आयसीयूच्या बाहेर बसून मोबाईलवर लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

सासरे, वय ७१. जुना मधुमेह, बायपास झालेली. गेल्या सोमवारी आडवं झालं की दम लागत होता, सगळी रात्र पलंगावर बसून काढली. पाय असे सुजलेले की मोज्याचं इलॅस्टिक रुतून वळ उठला होता. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ३० टक्के आलं, म्हणजे बरंच कमी. लॅसिक्सची, म्हणजे साठलेलं पाणी लघवीवाटे काढायची, इंजेक्शनं सुरू झाली, पाच दिवसांत वजन ७४ वरून ६९.५ किलो. दम गेला, तीन उशांवरून एका उशीवर आलेत.

पण क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, कमी असलेला बरा) १.४ होतं ते १.७ झालं, काल १.९. पोटॅशियमही जास्त, ५.३. ड्युटी डॉक्टर 'किडनीवर ताण आहे, बघू' म्हणून पुढे गेले आणि तेव्हापासून घरात डायलिसिसशिवाय दुसरा विषय नाही. मामेसासरे म्हणतात इंजेक्शनांनीच किडनी घालवली, बंद करायला सांग. आत्याबाई फोनवरून 'पाणी भरपूर पाज' म्हणतात, आणि सिस्टरनी पाणी मोजून लावलंय. इंजेक्शनं थांबवायला सांगू का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी डॉक्टर आहे पण तुमचा पेशंट पाहिलेला नाही, तेव्हा निर्णय तिथल्याच डॉक्टरांचा. इंजेक्शनं मात्र नातेवाइकांच्या सांगण्यावरून थांबवायची नसतात.

हृदय कमी रक्त ढकलतं म्हणून किडनी दमते, हे अर्धंच खरं. मागे तुंबलेल्या रक्ताचा दाब किडनीच्या शिरांवरही येतो. मोरीचा पाइप पुढे तुंबला की वरून पाणी ओतून निचरा होत नाही, तसंच. म्हणून आत्याबाईंचा सल्ला इथे उलटा पडेल.

पाणी उतरत असताना क्रिएटिनिन थोडं वाढणं पुष्कळदा दिसतं. २०११ साली 'डोस' नावाची ३०८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. लॅसिक्सचा मोठा डोस घेणाऱ्यांत २३ टक्के जणांचं क्रिएटिनिन तीन दिवसांत ०.३ हून जास्त वाढलं, कमी डोसवाल्यांत १४ टक्के. ६० दिवसांनी मात्र दोन्ही गटांच्या किडनीत फरक उरला नव्हता. सूज उतरतेय, लघवी होतेय, माणूस सपाट झोपतोय, तर नुसत्या त्या आकड्याला घाबरू नका. लघवी आटली, बीपी पडलं किंवा सूज तशीच राहून क्रिएटिनिन चढलं, तर प्रकरण वेगळं. राउंडला मोठ्या डॉक्टरांना हेच विचारा, आणि पोटॅशियम पुन्हा कधी तपासणार तेही.

एक सांगा, घरी दुखण्याच्या गोळ्या घेत होते का? आणि मीठ कुठलं?

धागाकर्ती

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचून नवऱ्याला घरी पिटाळलं. सासऱ्यांच्या पानाच्या चंचीत, सुपारीखाली डायक्लोफेनॅकच्या दोन अर्ध्या पट्ट्या निघाल्या! गुडघ्यासाठी शेजारच्या दुकानातून आणून गुपचूप घेत होते. मीठ मीच बदललं होतं, बीपीसाठी चांगलं म्हणून 'लो सोडियम'वालं.

प्रतिसाद

दोन्ही गोष्टी आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. डायक्लोफेनॅकनं पाणीही साठतं आणि किडनीलाही मार बसतो. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घालतात, ५.३ मध्ये त्याचाही हात असू शकतो. शहाळंही नको, त्यातही पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन (हार्ट फेल्युअरची गोळी, तिनंही पोटॅशियम वाढतं) चालू असेल तर तेही विचारा.

प्रतिसाद

आमच्या वडिलांचं असंच झालं होतं, म्हणून डॉक्टर सांगत नाहीत ते सांगते. तहान लागली की बर्फाचा छोटा खडा चघळायला द्या, तोही पाण्याच्या हिशोबात धरून. आणि घरी आल्यावर रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाआधी वजन. काटा एकच, कपडे साधारण तेच.

धागाकर्ती

आज १.८. पोटॅशियम ४.९. मोठ्या डॉक्टरांनी इंजेक्शन चालूच ठेवलंय, पट्ट्या बघून सासऱ्यांना माझ्यासमोरच झापलं. सासरे माझ्याशी बोलत नाहीयेत.