दोन्ही सर्व्हर प्रायमरी झाले, तिसरा लावला तर प्रश्न सुटेल का?

रात्रपाळी: पोस्टग्रेस डेटाबेसचे दोन सर्व्हर आहेत, दोन वेगळ्या डेटा सेंटरमध्ये, आणि स्क्रिप्ट अशी की प्रायमरी (ज्याच्यावर लिहिलं जातं तो) दिसेनासा झाला की स्टँडबायने (त्याची कॉपी ठेवणाऱ्याने) प्रमोट व्हायचं, म्हणजे स्वतः प्रायमरी बनायचं. काल मधली लिंक गेली, जुना प्रायमरी तर चालूच होता, त्याच्यावर ऑर्डरी येत राहिल्या आणि इकडे स्टँडबायपण प्रायमरी होऊन बसला. आता दोन्हीकडे वेगवेगळ्या ऑर्डरी आहेत. काय करू? तिसरा नोड लावला की थांबेल का हे?

कोकणी_डीबीए: आधी सगळं रायटिंग एकाच सर्व्हरवर आणा, दुसरा बंद करा आणि त्याची अख्खी डेटा डिरेक्टरी कॉपी करून ठेवा. पीजी_रिवाइंड (पोस्टग्रेसचं टूल) घाईघाईत मारू नका हो, तो जुन्याला नव्याच्या टाइमलाइनवर, म्हणजे नव्याच्या इतिहासावर, आणतो म्हणजे जुन्यावरच्या जास्तीच्या ऑर्डरी पुसल्याच गेल्या. त्या कॉपीतून काढून हातानेच जुळवाव्या लागतील, आणि एकच ऑर्डर नंबर दोन वेगळ्या गिऱ्हाइकांना गेलाय का ते पहिलं बघा.

लॉगवाचक: तिसऱ्याने मतदानाचा प्रश्न सुटतो, ३ पैकी २ मतं असल्याशिवाय कोणी लीडर होत नाही. पण जुन्याने खुर्ची सोडली पाहिजे ना! पॅट्रोनीत (पोस्टग्रेसचा लीडर आपोआप ठरवणारं टूल) लीडरची की, म्हणजे लीडर कोण याची नोंद, एटसीडीमध्ये (बहुमताने चालणारा छोटा सामायिक डेटा स्टोअर) असते, तिचा टीटीएल म्हणजे मुदत डीफॉल्ट ३० सेकंद, ती रिन्यू करता आली नाही तर जुना स्वतःच खाली उतरतो. आणि तिसरा एटसीडी नोड तिसऱ्याच जागी ठेवा, एकाच खोलीत दोन ठेवले आणि ती खोली गेली की बहुमत पण गेलं.

ट्रेकर७७: बहुमत असूनही डेटा फाटतो. गिटहबचं २१ ऑक्टोबर २०१८ चं प्रकरण वाचा, नेटवर्क फक्त ४३ सेकंद तुटलं, ऑर्केस्ट्रेटर या प्रायमरी बदलणाऱ्या टूलने राफ्ट या मतदानाच्या पद्धतीने रीतसर बहुमत घेऊन वेस्ट कोस्टला प्रायमरी केलं, पण ईस्टचे शेवटचे काही राइट्स तिकडे पोचलेच नव्हते. सेवा २४ तास ११ मिनिटं विस्कळीत राहिली, कारण त्यांनी वेगापेक्षा डेटा सांभाळला, आणि माझ्या मते तेच बरोबर होतं.

रात्रपाळी: कॉपी घेतली, जुना बंद केलाय. मग सिंक्रोनस रेप्लिकेशनच करू का, म्हणजे स्टँडबायने लिहिल्याशिवाय कमिट (राइट पक्कं होणं) पुरं होणार नाही असं?

लॉगवाचक: ऑर्डर आणि पेमेंटसाठी हो, पण एकाच स्टँडबायवर नको, तो पडला की कमिट अडकून बसतात. दोन स्टँडबाय ठेवा आणि एनी १ हे सेटिंग लावा, कुठल्याही एकाने लिहिलं की पुढे. दर कमिटला लिंकवरचा एक फेरा वाढेल, तो आधी मोजून घ्या.