शाळू (रब्बी ज्वारी) मळताना दाणा फुटतोय आणि बोंडंही (दाण्याला चिकटलेली टरफलं) राहतायत, मदत हवी आहे

प्रश्न (जत तालुका)
मालदांडी शाळू, दीड एकर. उपटून पेंढ्या बांधल्या, चार दिवसांनी कणसं खुडून खळ्यावर ढीग घातला. ट्रॅक्टरच्या मळणी मशीनवर पहिली चार पोती काढली. पोत्यातले शंभर दाणे मोजले तर ११ फुटलेले आणि ८ बोंडासकट. मशीनवाले म्हणतात, स्पीड वाढवला की बोंडं सुटतील. मग फुटीचं काय? उरलेली मळणी थांबवलीय. वर्षभर खायला ठेवायची आहे, बियाणंही यातलंच.

प्रतिसाद १
स्पीड वाढवू नका दादा. फुटका आणि बोंडाचा दाणा एकाच पोत्यात येतो, तेव्हा कणसं सारखी वाळलेली नाहीत असं समजा. ढिगाच्या वरची कडक, तळातली दमट. दमट कणसाची बोंडं काढायला वेग वाढवला की वाळलेला दाणा ड्रमात फुटतो.

तळातलं एक आणि वरचं एक कणीस तळहातावर चोळून बघा. दमट दाणा दाताखाली दबतो, वाळलेला कट्‌ करून तुटतो. खात्रीसाठी कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि दोन चमचे कोरडं मीठ घालून चांगलं हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे.

ढीग मोडा. ताडपत्रीवर कणसं वीतभर थरात पसरा, दिवसातून तीन-चार वेळा खालीवर करा आणि संध्याकाळी दव पडायच्या आत झाका. मळणी दुपारी १२ ते ४ मध्येच करा.

प्रतिसाद २
मशीनचं मी सांगतो. पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, मशीन फिरवणारा दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर, त्यावरची पुली १२ इंच आणि ड्रमची ८ इंच असेल तर ड्रम ८१० फेऱ्या फिरतो. ड्रमला ९ इंची पुली घातली की ७२० होतात. गव्हानंतर तीच पुली तशीच राहते, फूट बऱ्याचदा तिथूनच होते. मशीनवाल्यांना पुली मोजून दाखवायला लावा.

आधी वाळवण, मग वेग, आणि तरीही बोंडं राहिली तर ड्रमखालची जाळी ड्रमच्या थोडी जवळ घ्या. हे ट्रॅक्टर पूर्ण बंद करूनच. कणसं सलग टाका. मध्येच ड्रम रिकामा पळाला की दाणा कणसाच्या गादीवर न पडता थेट लोखंडावर आपटतो. भुशात दाणे उडत असतील तर पंख्याची झडप थोडी मिटवा. आणि टाकणाऱ्याच्या अंगावर सैल पदर-ओढणी नको, कणसं हातानं आत ढकलायची नाहीत.

प्रश्नकर्ते
पुली ८ इंचीच निघाली. काढलेल्या चार पोत्यांचं काय करू? घरात कीड मारायच्या औषधाच्या गोळ्या टाकल्या तर चालतील का?

प्रतिसाद १
राहत्या घरात त्या गोळ्या अजिबात नकोत. त्यातून विषारी वायू निघतो, माणसं दगावतात.

ती पोती चाळून, पाखडून चूर वेगळा काढा आणि हीच ज्वारी आधी दळायला घ्या. तांबडा भुंगा फुटक्या दाण्यावर आणि चुरीवर वाढतो, अखंड दाण्यात त्याला सहसा शिरता येत नाही. टोके (सोंडेकिडे) मात्र अखंड दाणाही पोखरतात, म्हणून साठवायची ज्वारी १० ते १२ टक्के ओलीपर्यंत वाळवा. उन्हातून आणली की गरम असतानाच पोत्यात भरू नका, रात्रभर निवू द्या. पोती भिंतीपासून हातभर लांब, लाकडी फळ्यांवर ठेवा.

बियाण्याची कणसं मशीनवर घालूच नका. भरदार, सारख्या दाण्याची निवडून पोत्यावर काठीनं हलकी बडवून घ्या. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसतोय ना तेवढं बघा. ज्याला तो नाही तो दाणा पुरा पक्व झालेला नाही.